आडनाव राहू द्या, आधीच्या घरमालकाचा नंबर मागा

पत्र: मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. कर्वेनगरला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, पीएफच्या पैशांतून घेतलेला. त्याच्या भाड्याचा पेन्शनला मोठा आधार आहे. आधीचा भाडेकरू शेवटचे तीन महिने भाडं न देता आणि लाइटबिल थकवून गेला. संकोचाने मी तगादा लावला नाही. डिपॉझिट ४० हजारच होतं, ते तिथेच संपलं. आता भाडं २४ हजार आणि डिपॉझिट ७५ हजार ठेवलंय. फ्लॅट दीड महिना रिकामा आहे.

तिघांना घर हवंय. एक आयटीतलं जोडपं. सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देतो म्हणतात, पण करार नोटरीचाच हवा आणि उत्तर दोन दिवसांत. दुसरे लातूर-नांदेडकडचे तीन मुलगे, दोघं नोकरी करतात, एक एमपीएससीचा अभ्यास. तिसऱ्या एक बाई, नवऱ्यापासून वेगळ्या राहतात, आठवीतला मुलगा आहे, एका ऑफिसात अकाउंट्स बघतात. त्यांनी स्वयंपाकघरातला नळ उघडून पाणी किती वाजता येतं ते विचारलं आणि खिडकीतून शाळेच्या बसचा थांबा दिसतो का ते बघितलं. शिवाय जम्मूला पोस्टिंग असलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याचा फोन आला. फ्लॅट न बघताच पसंत म्हणतात, टोकनसाठी कोड पाठवलाय. मी अजून तो स्कॅन केलेला नाही.

एजंट म्हणतो आयटीवाली पार्टी सोडू नका. शेजारच्या वहिनी म्हणतात आपल्यातलेच बघा. सेक्रेटरी म्हणतात बॅचलर नकोत आणि एकटी बाई तर नकोच. कुणी घरच बळकावलं तर, ही भीतीही आहे. माणूस ओळखायचा कसा? – एक वाचक, कर्वेनगर

ताई, नमस्कार.

आधी त्या जम्मूच्या फोनचं बघू, कारण त्यात एक दिवसही घालवायला नको. तो नंबर ब्लॉक करा. घर न बघता पसंत करायचं, ओळखपत्राचा फोटो मागायच्या आत पाठवायचा, मग 'आमच्याकडून पैसे असेच येतात, कोड स्कॅन करून पिन टाका' असं सांगायचं, ही फसवणुकीची जुनी रीत आहे आणि घर भाड्याने देऊ पाहणारी वयस्कर माणसं तिला हटकून बळी पडतात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. तुम्ही थांबलात हे फार बरं केलंत. कुणाच्या हातून चुकून झालंच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच घटकेला फोन करायचा. खरा फौजी घर बघायला स्वतः येतो, नाहीतर घरच्या कुणाला पाठवतो. त्यांच्या वर्दीच्या नावावर हे धंदे चालतात याचा मला मनापासून संताप येतो.

आता तुमचा प्रश्न. माणूस ओळखायचा कसा? ताई, मला विचाराल तर माणूस ओळखायला जाऊच नका. तुम्ही-आम्ही चार भेटींत माणूस ओळखत नाही, दहा मिनिटांत तर नाहीच. त्याचे कागद तपासा, आणि तो आधी जिथे राहिला त्या घरमालकाशी बोला. एवढंच आपल्या हातात असतं आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

हे मला अनुभवाने कळलं. सहकारनगरला आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्ही एका कुटुंबाला दिल्या होत्या. ओळखीतल्यांच्या ओळखीचे. पहिल्याच भेटीत गृहस्थांनी माझ्या सासूबाईंना वाकून नमस्कार केला, देवापुढे पेढे ठेवले. सासूबाई म्हणाल्या, माणसं संस्कारी आहेत. झालं, आम्ही ना नोकरी कुठे विचारलं, ना आधी कुठे राहत होतात हे विचारलं. चौदा महिन्यांनी एका रात्रीत ते गेले. सकाळी वर गेले तर बाथरूममधला गिझर काढून नेलेला. भिंतीतून दोन पाइप नुसते बाहेर आलेले, पाणी गळू नये म्हणून त्यांच्या तोंडात चिंध्या कोंबून सुतळीने आवळलेल्या. त्या चिंध्या आमच्याच खिडकीच्या पडद्याच्या होत्या. मागाहून महावितरणचं चार महिन्यांचं थकलेलं बिल हातात आलं.

ते कुटुंब 'आपल्यातलंच' होतं, ताई. आडनावापासून चैत्राच्या हळदीकुंकवापर्यंत. म्हणून शेजारच्या वहिनींचा सल्ला मी आदराने ऐकेन आणि बाजूला ठेवेन. पुण्यात घर शोधणाऱ्या किती मुलामुलींना फोनवर आडनाव सांगितलं की 'अहो, कालच दिलं घर' असं ऐकावं लागतं, हे मला माहीत आहे. चांगली शिकलेली, कमावती मुलं असतात ती. त्यांना तसं परत पाठवणं मला लाजिरवाणं वाटतं. शिवाय त्यात घरमालकाचंही नुकसान आहे, कारण आडनाव पटलं की आपण पुढचं काहीच तपासत नाही. माझं नेमकं तेच झालं.

आज एक करा. एका कागदावर तुमच्या अटी लिहून काढा: भाडं, डिपॉझिट, किती माणसं, कुठले कागद, करार नोंदणीचाच. तो कागद फोनजवळ ठेवा आणि जो येईल त्याला तेच विचारा, त्याच क्रमाने. समोरचा गोड बोलला म्हणून एक कागद सोडायचा नाही आणि एखाद्याचं आडनाव अनोळखी वाटलं म्हणून एक जास्तीचा मागायचा नाही. जात, धर्म, लग्न का मोडलं, मूल होणार आहे का, हे त्या कागदावर येणारच नाही, कारण या कशाचाही भाडं वेळेवर येण्याशी संबंध नाही.

ओळखीसाठी आधार आणि पॅन घ्या. आधारवरचा कोड यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, ॲपने स्कॅन केला की नाव आणि फोटो समोर येतो, तो कार्डाशी ताडून बघा. पहिले आठ आकडे झाकलेलं आधार कुणी दिलं तर संशय घेऊ नका, ती सोय यूआयडीएआयचीच आहे.

उत्पन्नाच्या बाबतीत नुसत्या पगाराच्या स्लिपवर जाऊ नका. ती संगणकावर दहा मिनिटांत तयार होते. तीन महिन्यांच्या स्लिपा आणि त्याच तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवा. हातात येणारा पगार आणि खात्यात जमा झालेली रक्कम रुपयाला रुपया जुळली पाहिजे आणि जमा करणाऱ्या कंपनीचं नावही तेच पाहिजे. बाकीच्या नोंदी ते झाकून देत असतील तर देऊ द्या, कुणाचा किराणा किती हे आपल्याला बघायचं नाही. धंदा करणारा असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर कुणालाही बघता येतो. कर्जाचे हप्ते थकलेत का हे कळायला सिबिलचा रिपोर्ट आहे, पण तो आपण परस्पर काढू शकत नाही. ज्याचा त्याने काढून दाखवायचा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत असावं, हा माझा ठोकताळा. २४ हजार भाड्याला घरात ७०-७५ हजार येत असतील तर महिनाअखेरीला ओढाताण होत नाही.

आता जुना घरमालक. माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच, आणि लोक नेमकं हेच टाळतात.

सध्याचा घरमालक आणि त्याच्या आधीचा, दोघांचे नंबर मागा. सध्याच्याला भाडेकरू नकोसा झाला असेल तर तो तोंड भरून कौतुक करेल, ब्याद टळली की त्याचं काम झालं. आधीच्याला आता काही देणंघेणं नसतं, म्हणून तो खरं बोलतो. पण नंबर खरंच घरमालकाचा आहे का? त्यासाठी भाडेकरूला जुन्या कराराची प्रत मागा. त्यावर मालकाचं नाव आणि पत्ता असतो. फोन केल्यावर 'तुमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता ना?' असं मुद्दाम चुकीचं विचारा. खरा मालक 'नाही हो, पहिल्या' म्हणून लगेच सुधारतो. भाडेकरूचा मित्र मालक बनून बोलत असेल तर तो 'हो हो' म्हणतो.

आणि 'माणूस कसा आहे?' असं विचारू नका, त्याला 'चांगला आहे' यापलीकडे उत्तर येत नाही. भाडं साधारण कितव्या तारखेला यायचं? जाताना डिपॉझिटमधून काय कापलंत? शेजाऱ्यांची काही तक्रार होती का? आणि शेवटी, पुन्हा द्याल का त्यांना घर? या शेवटच्या प्रश्नाला किती वेळाने उत्तर येतं याकडे लक्ष द्या. मागे मी एका बाईंना हे विचारलं, तर पलीकडे कुकरची शिट्टी होईपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'बघा, तुमचं तुम्ही ठरवा.' मला कळायचं ते कळलं.

ज्यांनी आधी कधीच भाड्याने घर घेतलेलं नाही अशांसाठी, विशेषतः विद्यार्थ्यांसाठी, वडिलांशी किंवा आईशी बोला.

आता तुमच्या तिघांकडे येऊ.

आयटीतल्या जोडप्याबद्दल मला दोन गोष्टी खटकल्या, घाई आणि नोटरी. करार नोंदवायचा नाही असं कुणी म्हणालं की थांबायचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर राहायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणी केलेलाच असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट आहे हे तुम्ही सिद्ध करेपर्यंत. शिवाय शिक्षा होते ती मालकालाच: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटरीच्या शिक्क्याने यातलं काहीही टळत नाही. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असं तुमचा एजंट म्हणेल. तो नियम १९०८ च्या नोंदणी कायद्यातला, आपल्याकडे कलम ५५ मुळे अकरा महिन्यांचाही नोंदवावाच लागतो.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का. तुमच्या आकड्यांना अकरा महिन्यांसाठी ते सातशेच्या आसपास येतं आणि नोंदणी फी हजार रुपये. करार करून देणारे अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतात, त्यांची फी वेगळी. याच अंगठ्याचा मोठा फायदा आहे. अंगठा आधारशी जुळल्याशिवाय नोंदणी पुढेच सरकत नाही, म्हणजे खोट्या नावाने आलेला माणूस तिथेच अडतो. करार नोटरीचाच हवा म्हणणाऱ्याला मी म्हणूनच विचारेन की अंगठा द्यायला अडचण काय आहे?

सहा महिन्यांच्या आगाऊ भाड्यालाही भुलू नका. एकरकमी पैसे देऊन फ्लॅट घ्यायचा, पाच-सहा कॉट टाकून पोरं ठेवायची किंवा दिवसाच्या भाड्याने पाहुण्यांना द्यायचा, हा प्रकार शहरात चालतो आणि मालकाला तो लिफ्टमध्ये अनोळखी माणसं दिसेपर्यंत कळत नाही. कदाचित या जोडप्याला नुसता वेळ वाचवायचा असेल, मी त्यांच्यावर आरोप करत नाही. त्यांना सांगा: करार नोंदणीचा, दोघांचेही अंगठे आणि मागच्या दोन घरमालकांचे नंबर. हे कबूल असेल तर बाकीच्यांसारखेच तेही उमेदवार. नसेल तर सहा महिन्यांचे पैसे आनंदाने नाकारा. एजंट 'आज टोकन घ्या, नाहीतर पार्टी जाईल' म्हणेल. त्याला एक महिन्याच्या भाड्याएवढी दलाली मिळायची असते, त्याची घाई त्याच्यापाशी. कागद बघितल्याशिवाय टोकन घ्यायचं नाही.

तीन मुलग्यांना 'बॅचलर' म्हणून हाकलू नका. लातूर-नांदेडहून पुण्याला अभ्यासाला आलेलं पोर पेठेतल्या एका खोलीत चौघांबरोबर राहतं, पहाटे उठून अभ्यासिकेत जागा धरतं, त्याच्या आईबापाने कशाकशातून पैसे काढलेले असतात हे मी जवळून बघितलंय. त्यांना घर द्यायचं तर तिघांचीही नावं करारात घाला आणि पूर्ण भाड्याला तिघंही मिळून जबाबदार असं स्पष्ट लिहा, म्हणजे एक गेला तरी उरलेल्या दोघांकडे पूर्ण भाडं मागता येईल. चौथा आणायचा किंवा एकाच्या जागी दुसरा आणायचा तर तुमच्या लेखी संमतीने. अभ्यास करणाऱ्याच्या घरून पैसे कसे येतात हे विचारून घ्या. घरी शेती असेल तर सोयाबीन विकल्यावर एकदम येतात, मधल्या महिन्यांत ओढ असते. तसं असेल तर त्याचा वाटा मधल्या काळात नोकरीवाले दोघं भरणार का, हे आत्ताच बोलून ठेवा.

आणि त्या बाई. तुमच्या पत्रातलं त्यांच्याबद्दलचं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं: त्यांनी स्वयंपाकघरातला नळ उघडून पाणी किती वाजता येतं ते विचारलं आणि खिडकीतून शाळेच्या बसचा थांबा दिसतो का ते बघितलं. ज्याला राहायचं असतं तो असंच घर बघतो. अर्थात माझ्या त्या पेढेवाल्या गृहस्थांनंतर मी अशा गोष्टींवर निकाल देत नाही, त्यांचेही कागद तसेच बघा. पगार बसत असेल, जुना घरमालक 'पुन्हा देईन' म्हणत असेल, तर मी त्यांना घर देईन. आठवीतल्या मुलाची शाळा इथे आहे, म्हणजे दहावीपर्यंत त्या हलणार नाहीत, आणि दर वर्षी नवा भाडेकरू शोधण्याची तुमची दगदग वाचेल. घटस्फोटाचे कागद मागू नका. नवऱ्यापासून वेगळं राहणाऱ्या बाईला पुण्यात घर मिळायला किती दारं ठोठवावी लागतात, ते तुम्ही शिक्षिका असल्याने पालकसभांमधून ऐकलं असेलच.

भाडेकरू घर बळकावेल ही भीती तुमच्या पत्रात आहे, आणि ती उगाच नाही. मुंबई भाडे कायदा १९४७ चा. त्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. पेठांमधल्या कितीतरी घरांत ही धास्ती पिढ्यान् पिढ्या उतरली आहे. पण ३१ मार्च २००० पासून १९९९ चा कायदा लागू आहे. त्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई लागते. समन्स मिळाल्यावर भाडेकरूने तीस दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य धरलं जातं. म्हणून नोंदणी केलेला करार जवळ असू द्या, मुदत संपायच्या दोन महिने आधी बोलणं सुरू करा आणि मुदत संपल्यावर 'राहू दे चालतंय तसं' म्हणू नका.

भाडं एक महिना चुकलं की त्याच आठवड्यात मेसेज करून लेखी विचारा. मागच्या वेळी तुम्ही संकोचाने तीन महिने थांबलात. रागाच्या भरात वीज-पाणी मात्र तोडू नका. ते याच कायद्याच्या कलम २९ ने मना आहे, आपली बाजू खरी असूनही आपणच गुन्हेगार ठरतो.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर फॉर्म भरता येतो, करार करणारे तो भरूनही देतात. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला, तेव्हापासून पुण्यात कुणी याकडे हलगर्जीपणाने बघू नये. माहिती दिली नाही तर घरमालकावर गुन्हा नोंदवला जातो. पण त्याची पोच म्हणजे चारित्र्याचा दाखला असं समजू नका. घरात कोण राहतंय हे त्यांना कळवलं, इतकाच त्याचा अर्थ. भाडं वेळेवर येईल की नाही ते त्यातून कळत नाही, त्यासाठी तो जुना घरमालकच.

राहिले सेक्रेटरी. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची आधी परवानगी लागत नाही. आधी कळवावं लागतं आणि कराराची प्रत व पोलिसांच्या फॉर्मची पोच द्यावी लागते. तुमच्या सोसायटीने कुठले उपविधी स्वीकारलेत ते एकदा मागून वाचा. तुम्ही तिथे राहत नाही म्हणून बिनभोगवटा शुल्क घेता येतं, तेही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच, २००१ च्या शासन आदेशानुसार. 'एकटी बाई नको' हे सेक्रेटरींचं वैयक्तिक मत झालं. त्यांच्याशी भांडू नका, रोजचा संबंध आहे. फक्त म्हणा, 'हे मला लेखी द्या, म्हणजे मला भाडेकरूला दाखवता येईल.' लेखी देणार नाहीत.

उद्या सकाळी त्या बाईंच्या आधीच्या घरमालकाला फोन करा, संध्याकाळी मुलांच्या. फ्लॅट आणखी दहा दिवस रिकामा राहिला तर आठ हजार जातात, मागच्या भाडेकरूने त्याहून कितीतरी जास्त नेले. आणि सोसायटीला पत्र देताना दोन प्रती न्या. एक ऑफिसात द्या, दुसरीवर तारखेसकट पोच घेऊन कराराच्या फायलीत लावून ठेवा.